माझा स्वेटर जाऊन आला

लवकर पिकणारा हलका धान पिवळा पडला की आमच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. पलीकडे कुठल्यातरी गावच्या नाट्यमंडळाचा सचिव असतो आणि नमस्कार व्हायच्या आत तो म्हणतो, "शबानाबाई, यंदाचं पाम्प्लेट तुमच्याकडंच बरं का!" आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखात, पीक घरात आलं की नाटक लागतं, नाटक लागलं की पत्रक छापावं लागतं आणि पत्रक छापायचं म्हणजे पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या मान्यवरांची नावं त्यात बसवावी लागतात. लोकांचा कापणीचा हंगाम तो आम्हा छापखानेवाल्यांचा पेरणीचा. आलापल्लीच्या रस्त्यावर सकाळी शटर वर करते तेव्हा धुक्यात सागाची झाडं अर्धी-अर्धीच दिसतात, पानांवरून दव ठिबकत असतं, सीताफळांच्या टोपल्या घेऊन बाया कडेला बसलेल्या असतात. दुकानात पाऊल टाकलं की फ्लेक्सच्या शाईचा वास डोक्यात जातो. कोपऱ्यातल्या खुर्चीत अब्बा बशीतला चहा फुंकत असतात. सगळं इतकं छान चाललेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच मी जळायला लागते.

जळायला म्हणजे मत्सरानं. आडून-आडून बोलण्यात अर्थ नाही. आमच्याकडचा हिवताप जसा येतो, आज हुडहुडी, उद्या माणूस ठणठणीत, परवा पुन्हा हुडहुडी, तसं माझं हे दुखणं आहे. उन्हाळ्यात वाटतं, गेलं. पावसाळ्यात आठवतही नाही. आणि पिकल्या धानाचा गोडसर वास रस्त्यापर्यंत आला की पुन्हा अंगात भरतं. त्या दुखण्याचं नाव वनिता.

वनिता माझी बारावीपर्यंतची एका बाकावरची मैत्रीण. नाल्यापलीकडच्या गावची, धानाच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन त्याच गावात राहिलेली. मी पुढे राज्यशास्त्रात एम.ए. केलं, घरूनच, दुकान सांभाळत. ती शेती, मुली आणि गावाच्या भानगडी सांभाळत राहिली. तिला गोंडी येतं, आणि असं येतं की गोंडीत ती भांडूही शकते. मला दुकानापुरतं येतं: बसा, किती पाहिजे, उद्या या. शाळेत माझा नंबर नेहमी तिच्या वर असायचा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं याच्या उलट आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात हिवतापाचं काम करायला एका जागतिक संघटनेचा प्रकल्प आला. अनेक देशांनी वर्गणी काढून चालवलेली संघटना. तिचं मोठं कार्यालय युरोपातल्या एका शहरात आणि तिची एक पिशवी वनिताच्या खांद्यावर. त्या पिशवीत बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासायच्या पट्ट्या असायच्या आणि गोळ्या असायच्या. पावसाळ्यात आमचा नाला नदीसारखा भरला की पलीकडची गावं तुटतात. तापलेल्या माणसाला खाटेवर घालून पाण्याच्या काठाशी आणायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची, एवढाच पूर्वी उपाय होता. पिशवी आल्यापासून ताप घरातल्या घरात तपासला जायला लागला. पट्टीवर दुसरी रेघ उमटली की पहिली गोळी वनितासमोर गिळायची, हा तिचा नियम. गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवायचं, अगदी मिशीवाल्या माणसांनीसुद्धा.

माझ्याकडे भिंतीवर लावायची चित्रं छापायचं आणि इंग्रजी सूचना मराठीत करायचं काम होतं. पहिल्याच चित्रात मी डास चांगला हातभर काढला. वनिताच्या शेजारची म्हातारी मैनाबाई त्या चित्रासमोर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "एवढा मोठा मच्छर आमच्या इथी नाई वो बाई. हा तिकडचाच असन." सगळ्या बाया हसल्या. वनितानं सगळ्यांपेक्षा जास्त हसून घेतलं.

त्या वर्षी धान निसवत असताना, लोंब्या बाहेर पडतानाच बातमी आली की संघटनेची मोठी बैठक भरणार आहे. सगळ्या देशांचे लोक येणार, कुठले प्रकल्प पुढे चालू ठेवायचे ते ठरणार, आणि त्याआधी गावागावांत काम करणाऱ्यांना चार शब्द बोलायला बोलावणार. आमच्या भागातून एक जण. निवड करायला संघटनेचे साहेब लोक विश्रामगृहावर आले आणि आम्हा दोघींना बोलावणं आलं. मी ग्रामीण आरोग्य, जागतिक सहकार्य, विकेंद्रीकरण असे शब्द घेऊन गेले होते आणि एकही परत आणला नाही. वनिताला त्यांनी विचारलं, तुम्हाला या कामात काय आवडतं? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माणूस गोळी गिळून तोंड उघडते ना सर, तेव्हा मले लय बरं वाटते." झालं! साहेबांचे चेहरेच बदलले. जाणार ती, हे मला तिथल्या तिथे कळलं.

त्यावर कळस म्हणजे साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमची भाषा चांगली आहे, यांचं भाषण तुम्ही लिहून द्या ना. तीन मिनिटांचं." वनिता मराठीतच बोलणार होती, तिकडे दुभाष्याची सोय होती. म्हणजे शब्द माझे, तोंड वनिताचं, आणि टाळ्या कुणाच्या ते सांगायला नको. मला राग आला की माझं मराठी सुधारतं, त्यामुळे ते भाषण फार सुंदर उतरलं. त्यात मैनाबाईचा नातू होता. नाला दोन्ही काठ धरून वाहतो आहे, पोरगा तापानं फणफणलेला, वनिता पट्टी लावते, रेघ उमटते, गोळी पोटात जाते, आणि दोन-तीन दिवसांनी तोच पोरगा भाताला चटणी का नाही म्हणून रुसून बसतो. शेवटी एकच मागणं होतं: ही पिशवी थांबवू नका.

वनितानं ते दुकानातच वाचलं आणि तिचे डोळे भरले. "तू असं कसं लिवतं वो शबाना? मले तं हे सुचलंच नसतं."

"म्हणून तर तू चालली आहेस," मी म्हटलं.

तिला त्यातला टोमणा कळला नाही. वनिताला टोमणे कळतच नाहीत, हा तिचा आणखी एक मला न सोसणारा गुण.

तिकडे थंडी फार आणि तिच्याकडे गरम कपडा नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात स्वेटर कोण घेऊन ठेवतं? माझ्याकडे एक होता, मामूंनी नागपूरहून आणलेला, गडद हिरवा, उजव्या कोपराशी जरासा उसवलेला. मीच तिला दिला. मैत्रीण म्हणून दिला हे खरं, आणि देताना पोटात दुखलं हेही खरं. विमान, ढग, तो मोठा हॉल, सगळ्या देशांच्या पाट्या, हे सगळं माझ्या स्वेटरनं पाहिलं आणि मी इथे नाटकाच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत बसले.

तिनं फोटो पाठवला. मी दोन बोटांनी तो मोठा करून इंच-इंच तपासला. तिच्यापुढे पाण्याची बाटली होती, कानाला लावायचं यंत्र होतं आणि तिच्या नावाची पाटी होती, आडनावासकट. मी जन्मभर लोकांची नावं छापत आले, पण माझ्या नावाची पाटी अजून कुणी कुठे ठेवलेली नाही. दुकानावरसुद्धा अब्बांचंच नाव आहे. मी फोटो अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि म्हणाले, "माशाल्ला! स्वेटर अच्छा दिख रहा बेटा."

गंमत अशी की त्याच दिवसांत नाल्याच्या अलीकडच्या मोठ्या गावाचं पत्रक माझ्या संगणकावर अडकून पडलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटेल, पत्रकात काय एवढं? पण झाडीपट्टीच्या पत्रकात नाटकाचं नाव शोधावं लागतं. आधी उद्घाटक, मग सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, आणि कुणी रुसू नये म्हणून उरलेले सगळे. यातला उद्घाटक मात्र एकच असतो. त्या गावात मोठी माणसं दोन, राइस मिलवाले भाऊ आणि ठेकेदार भाऊ. मंडळ उभं राहायचं ते दोघांच्या वर्गणीवर आणि दोघांनाही उद्घाटक व्हायचं होतं. मी दोन्ही नावं एका ओळीत, एकाच आकारात छापून दाखवली. तर डावीकडचं नाव आधी वाचलं जातं, अशी तक्रार आली.

मग मला वाटलं, आपण राज्यशास्त्र शिकलो आहोत, त्याचा उपयोग कधी करायचा? मी नावं गोल मांडली, ताटाच्या काठासारखी. गोलात कुणी पहिलं नसतं, कुणी शेवटचं नसतं. सचिव खूश होऊन कागद घेऊन गेला आणि तासाभरात घाम पुसत परत आला.

"बाई, मिलवाले भाऊ म्हणते गोल बरोबर आहे, पण त्या ठेकेदाराचं नाव वर काऊन अन् माहं खाली काऊन?"

"त्यांना सांगा, कागद फिरवून बघा."

"सांगतलं ना! तं मिलवाले भाऊ म्हणते, भिंतीले चिपकवल्यावर कोण फिरवन?"

शेवटी मिलवाले भाऊंनी वर्गणी थांबवली. ठेकेदार भाऊ म्हणाले, सगळी मी देतो, पण मंडळाचा अध्यक्ष माझा माणूस. मिलवाले भाऊ म्हणाले, मग माझं मंडळच वेगळं. एकाच वावरात दोन मंडप पडले, प्रेक्षकांना बसायला दोन खड्डे खणले गेले, आणि एकाच दिवशी दोन नाटकं ठरली. त्या सालस सचिवाला कुठल्या मंडपात बसावं ते कळेना, म्हणून तो सासुरवाडीला निघून गेला. मला दोन पत्रकं मिळाली, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

एम.ए.ला आम्हाला एक प्रश्न हमखास यायचा: महासत्तांच्या स्पर्धेचा आंतरराष्ट्रीय संघटनांवर होणारा परिणाम स्पष्ट करा. मी मुद्दे पाडून लिहायचे, खाली रेघा मारून. शक्तिसंतुलन, राष्ट्रीय हित, प्रभावक्षेत्र. मला त्यात चांगले गुण पडले होते. त्या संपूर्ण उत्तरात मत्सर हा शब्द मी एकदाही लिहिला नव्हता. लिहिला असता तर तपासणाऱ्यांनी लाल शाईनं खोडला असता, आणि तरी तोच शब्द बरोबर होता असं मी आज छातीवर हात ठेवून सांगेन. कारण या एका विषयात मला पुस्तकाची गरज नाही. जळणाऱ्या माणसाला आपल्या पानात काय वाढलंय याच्याशी देणंघेणं नसतं. शेजारणीच्या पुढचं पान उचललं गेलं की त्याचं पोट भरतं. मग पंगतीतले बाकीचे उपाशी राहिले तर राहोत.

वनिता परत आली. चॉकलेटं आणली, अब्बांसाठी एक छोटा चाकू आणला. स्वेटर काही परत दिला नाही. जो तो विचारायचा, कसं झालं? ती म्हणायची, "चांगलं झालं." गावानं तिला बसथांब्यावरच हार घातला. मग दोन्ही मंडळांना तिचा सत्कार करायचा होता, आपापल्या मंचावर, एकाच संध्याकाळी, आणि दुसऱ्याच्या आधी. दोन्ही फ्लेक्स माझ्याकडेच आले. मी संगणकावर तिचा फोटो मध्ये घेतला, मागे पृथ्वीचा गोळा लावला, वर त्या-त्या भाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: जागतिक मंचावर भाषण करून आपल्या भागाचं नाव उज्ज्वल केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. एकेक अक्षर ओढताना मला काय झालं असेल ते कुणीही समजू शकेल. वनिताला नजर टाकायला बोलावलं. तिनं संगणकावरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवलं.

"त्याच्यातून 'भाषण' काढ वो."

"काऊन?"

"मी बोललीच नाई."

मी हातातला माऊस सोडला. ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली, स्वेटरच्या बाह्या पुढे ओढून घेतल्या आणि सांगायला लागली. दोन मोठे देश होते. त्यांची नावं मी लिहीत नाही. तुम्हाला ती माहीत आहेत, आणि मी छापखानेवाली आहे, कुणाचं नाव आधी लिहायचं या भानगडीत आता पडत नाही. पहिला दिवस बैठकीच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर कुणी बसायचं यात गेला. मग ठरावातल्या एका शब्दावर अडलं. एक म्हणे ठेवा, दुसरा म्हणे काढा.

"कोणता शब्द?" मी विचारलं. मला शब्दात रस.

"मले नाई समजला. माझ्या बाजूले आफ्रिकेची एक बाई बसली होती, तिले बी नाई समजला. ती बी माझ्यासारखीच, भाषण घेऊन आलेली. तिच्या इथी बी मच्छरच." वनिता जराशी हसली. "काचेच्या खोलीत ते भाषा बदलवून सांगणारे लोक बिचारे बोलूनच राह्यले, बोलूनच राह्यले. चहा झाला, जेवण झालं, पुन्हा तोच शब्द. मंग एक म्हणे, आमी वर्गणीच देत नाई. दुसरा म्हणे, आमी देतो, पण वरचा साहेब आमचा पाह्यजे. तं पहिला म्हणे, मंग आमी चाललो. बाकीचे सारे देश चूप. सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहे."

"आणि तुमची भाषणं?"

"संध्याकाळी एक पोरगा आला. कोट घातलेला, लय चांगला होता. म्हणे, माफ करा, वेळ नाई उरला, तुमचे कागद देऊन जा, आमी नोंदीले जोडतो. मी दिला. तो थँक यू म्हणाला."

"अन् पिशवी?"

"थे ठरलंच नाई. पुढच्या बैठकीत पाहू म्हणते."

मला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, तसंच झालं. आधी बरं वाटलं. वनिता बोलली नाही, त्या हॉलमध्ये कुणी तिच्यासाठी टाळी वाजवली नाही, या विचारानं माझ्या छातीत सुखाची एक गरम लाट आली. ती ओसरायच्या आत दुसरी आली, की बोलली नसली तरी गेली होती, पाहून आली होती, आणि माझं ते सुख तिथेच विटलं. आणि मग राग आला. माझे शब्द! मैनाबाईचा नातू, भाताला चटणी, दोन्ही काठ धरून वाहणारा नाला, हे सगळं कुठल्यातरी पेटीत कुठल्यातरी ठरावाच्या पाठीला टाचून ठेवलेलं. दोन श्रीमंत देश एका शब्दासाठी भांडत होते आणि माझ्याकडे तीन मिनिटांचे इतके चांगले शब्द होते की कुणीही घ्यावेत.

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"लोकायनं हार आणला होता शबाना. त्यायले काय सांगू?"

मी 'भाषण' काढलं आणि तिथे 'सहभाग' लिहिलं. दोन्ही फ्लेक्सवर.

आता दुकानात टीव्ही असतो. गिऱ्हाईक थांबलेलं असलं की अब्बा बातम्या लावतात. ते दोन देश अजून तसेच आहेत, समोरासमोर, आणि दुसऱ्यानं मध्यंतरी आपला वेगळा मंडपही टाकलाय असं दिसतं. पुढची बैठक झाली, तिच्यापुढचीही झाली. आमच्याकडचा प्रकल्प एक दिवस बंद झाला. कुणी बंद केला असं नाही, चालू ठेवायचा असं कुणी म्हटलं नाही एवढंच. सरकारी नर्सबाई ठरल्या दिवशी गावात येतात, मन लावून काम करतात, पण नाल्याला त्यांचा वार माहीत नसतो. वनिताकडची पिशवी तिच्या घरी खुंटीला टांगलेली आहे. तरी कुणाला ताप आला की लोक अजून तिच्याच दारात येऊन उभे राहतात, आणि ती कपाळावर हात ठेवून बघते. मला हेही बघवत नाही. रिकामी पिशवी असूनही लोकांनी हाक मारावी अशी बाई असणं म्हणजे काय, हे मला कधी कळणार नाही. मला कुणी हाक मारत नाही. मला फोन येतात.

आजही सकाळी एक आला. त्याच मोठ्या गावाचा, नवा सचिव. यंदाही दोन मंडप आहेत. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या त्या मैत्रिणीचा सत्कार राहूनच गेला ना बाई त्या वर्षी?" फोन ठेवला आणि बाहेर पाहिलं तर धुकं उतरत होतं, कुणीतरी धानाच्या पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर घेऊन चाललं होतं, त्यातून रस्त्यावर काड्या सांडत होत्या. आणि ती संध्याकाळ पुन्हा आठवली.

सत्कार दिवेलागणीला होता. दोन्ही मंडपांत. आधी कुठे जायचं हा वाद मी आणि वनितानं चिठ्ठी टाकून मिटवायचा ठरवला होता. तिला आणायला मी स्कूटर नाल्यात घातली, पाणी घोट्याएवढं राहिलं होतं. ती घरी नव्हती. तिची मुलगी म्हणाली, आई तापवाल्याच्या घरी गेली, मग खळ्यात जाईन म्हणे. पिशवीच्या तळाशी थोड्या पट्ट्या उरल्या होत्या, नवा माल यायचा बंद झाला होता. मी खळ्यात गेले. धानाच्या गंज्या रचलेल्या, हवेत तूस उडत होतं, ते घामेजलेल्या मानेला चिकटायचं. बाया ओळीनं उभ्या राहून सुपांनी धान उफणत होत्या. मावळतीच्या उजेडात ती धूळ पिवळी दिसत होती. नाल्यापलीकडून दोन्ही मंडपांचे भोंगे एकाच वेळी ऐकू येत होते. दोन्हींवर वनिताचंच नाव होतं, आणि एकमेकांत मिसळून त्यातलं काहीच नीट कळत नव्हतं.

वनिता आली. माझा स्वेटर घातलेला, खांद्याला पिशवी. "चल लवकर," मी म्हटलं. तेवढ्यात मैनाबाईनं सूप खाली ठेवलं.

"तिकडं बोलवून राह्यले तुले. पण आमाले सांगून जाय आधी. काय बोलली तिथी?"

कागद तिकडेच राहिला होता, पण वनिताला पाठ होतं. ती गंजीला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. माझे शब्द होते, पण ती ते वाटेत बदलत गेली. माझा 'दुर्गम भाग' तिच्या तोंडी 'आपल्या इथी' झाला. 'ज्वर' मी हौसेनं लिहिला होता, तो तिनं सरळ टाकून दिला. मधेच दोन वाक्यं गोंडीत गेली. नाला आला, नातू आला, पट्टीवरची रेघ आली. सुपं थांबली. मी इतकी वर्षं लिहिते, छापते, पण माझं काही इतक्या शांतपणे ऐकलं जाताना मी पाहिलेलं नव्हतं. आणि तेव्हाही, खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की हे मी म्हणायला हवं होतं. शेवटी ती म्हणाली, ही पिशवी थांबवू नका.

मैनाबाईनं पदरानं मानेवरचं तूस झटकलं.

"हे तं आमाले मालूमच हाये वनिता. माह्या नातवाचं मलेच काय सांगतं? थे लोक काय म्हणाले, थे सांग."

वनितानं माझ्याकडे पाहिलं. वाढदिवस, वास्तू, दशक्रिया, सगळ्याला माझ्याकडे मजकूर तयार असतो. तेव्हा मी स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

"कोणी ऐकलंच नाई, मामी," वनिता म्हणाली. "मले बोलूच नाई देल्लं."

पलीकडून भोंगा ओरडत होता, वनिताताई जिथे कुठे असतील त्यांनी ताबडतोब मंचावर यावं. दुसराही तेच ओरडत होता. मैनाबाईनं सूप उचललं, त्यातल्या धानाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मंग पुढच्या पावसाळ्यात पोरगा तापला, तं कोणाले हाक मारू?"

सगळ्या बाया वनिताकडे बघत होत्या. ती आता काय म्हणते याची वाट बघत होत्या. माझ्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. मी तिच्या मागे, माझ्याच हिरव्या स्वेटरच्या उसवलेल्या कोपराकडे बघत उभी होते, आणि तिच्या जागी आपण नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.